निर्मनुष्य म्हणण्यापूर्वी नकाशा पाहावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील उंच वाळवंटाविषयी एक प्रवासलेख नुकताच प्रसिद्ध झाला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि तांबड्या खडकांची त्यातली वर्णनेही सुरेख आहेत. मात्र ॲरिझोना राज्यातील केयेंटा गावाकडून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्याबद्दल लिहिताना त्यात ‘मैलोन्‌मैल पसरलेला निर्मनुष्य, रिकामा प्रदेश’ असे शब्द आले आहेत, आणि ते वाचून राहवले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. तो प्रदेश आज रिकामा नाही आणि पूर्वीही नव्हता. माझ्या या म्हणण्याला आधार आहे तो अमेरिकेच्या सरकारनेच सुमारे सत्तर वर्षांपूर्वी छापलेल्या एका नकाशाचा.

अमेरिकेचा भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग १८७९ साली स्थापन झाला आणि १८८४ पासून तो देशाचे स्थलदर्शक नकाशे पद्धतशीरपणे तयार करू लागला. २०११ पासून या विभागाने आपले जुने नकाशे स्कॅन करून सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. १८८४ ते २००६ या काळातील पावणेदोन लाखांहून अधिक पत्रके त्या संग्रहात आहेत. त्यातलेच ‘डिनेहोत्सो’ नावाचे, १९५०च्या दशकातले एक पत्रक मी उतरवून घेतले, मोठ्या कागदावर छापून आणले, आणि गेले कित्येक महिने ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आज या गावाच्या नावाचे स्पेलिंग ‘डेनेहोत्सो’ असे करतात. गाव केयेंटापासून पूर्व-ईशान्येला साधारण २५ मैलांवर, सुमारे ५,००० फूट उंचीवर आहे, आणि ते नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे नावाहो या मूळ रहिवासी समाजाच्या स्वशासित प्रदेशाच्या, हद्दीत येते. नावाहो हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. ते लोक स्वतःला ‘दिने’, म्हणजे ‘माणसे’, म्हणवतात. ज्या भूमीला आपण निर्मनुष्य म्हणतो तिथल्या लोकांच्या नावाचाच अर्थ माणसे असा आहे, हे मला या पत्राच्या आरंभीच सांगावेसे वाटते.

हे पत्रक १ : ६२,५०० प्रमाणाचे आहे. म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवरच्या एका मैलाला किंचित कमी पडतो. अक्षांश आणि रेखांश यांच्या प्रत्येकी पंधरा मिनिटांत मावणारा, सुमारे २४० चौरस मैलांचा मुलुख त्यावर उतरलेला आहे. तपकिरी समोच्च रेषा उंचसखलपणा दाखवतात, पाणी निळ्या रंगात आहे आणि माणसाने उभारलेले सारे काळ्या रंगात. उत्तरेकडे कोंब रिज नावाची खडकाची लांबच लांब धार तपकिरी रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटवून टाकते, आणि गावाजवळून लगूना क्रीक हा ओढा पुढे चिन्ली वॉशला मिळण्यासाठी जातो. या भागातल्या बहुतेक प्रवाहांची निळी रेषा अखंड नसते. एक आडवी रेघ, मग तीन ठिपके, पुन्हा रेघ, अशी ती तुटक काढलेली असते आणि तिचा अर्थ असा की हा ओढा वर्षातला काही काळच वाहतो. पत्रक हाती घेणाऱ्याने पहिल्यांदा हीच खूण शिकून घ्यावी, कारण ती कळली की वस्त्या जिथे आहेत तिथेच का आहेत हे पुढे आपोआप उलगडत जाते.

आता या पत्रकावरचा काळा रंग पाहावा. ठिकठिकाणी बारीक खुणा आहेत आणि शेजारी तिरक्या, नाजूक अक्षरांत ‘होगन’ असा शब्द छापलेला आहे. कुठे एकवचन आहे, कुठे अनेकवचन. होगन म्हणजे दिने लोकांचे पारंपरिक घर. लाकडाच्या ओंडक्यांचे, बहुधा सहा किंवा आठ बाजूंचे, वर मातीचा जाड थर आणि दार पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे. दिने समाजात कूळ आईकडून चालते आणि जुन्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर नवरा बायकोच्या माणसांत राहायला जातो. थोडक्यात, तिथे मुलीचे माहेर सुटत नाही. म्हणून नकाशावर जिथे ‘होगन’ हा शब्द अनेकवचनात येतो, तिथे बहुतेक वेळा एक आजी, तिच्या मुली, त्यांची मुलेबाळे, एक मेंढवाडा आणि थोडे मक्याचे शेत असा पसारा असतो. सर्वेक्षकाने दोन घरांमधले अंतर मोजले. ते अंतर एवढे मोठे का, याचे उत्तर मेंढ्यांच्या चरण्यात आणि पाण्याच्या तुटवड्यात आहे, आणि ते उत्तर ठाऊक नसलेल्या प्रवाशाला गाडीच्या काचेतून सगळे ओसाड वाटते.

एवढे असूनही हा नकाशा पूर्ण खरे सांगतो असे माझे म्हणणे नाही. असे पत्रक तयार करताना आधी विमानातून छायाचित्रे घेत, त्यांवरून उंचसखलपणा आणि रस्ते आखत, आणि शेवटी माणसे प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून पाहत. छायाचित्रांचे वर्ष आणि प्रत्यक्ष तपासणीचे वर्ष ही दोन्ही पत्रकाच्या खालच्या समासात छापलेली असतात. पण दिने कुटुंबे वर्षभर एकाच जागी राहत नसत. उन्हाळ्यातले घर वेगळे आणि हिवाळ्यातले वेगळे, कळप जिकडे जाईल तिकडे माणसे जात. ज्या महिन्यात तपासणी झाली त्या महिन्यात ज्या घरातून धूर निघत होता ते घर सर्वेक्षकाला नांदते दिसले असेल, दुसरे बंद दिसले असेल. शिवाय घरात कोणाचा मृत्यू झाला तर ते होगन सोडून देण्याची जुनी रीत आहे. नकाशावरची खूण त्यांतल्या कोणत्या घराची आहे, नांदत्या घराची की दुःखाने सोडलेल्या घराची, हे कागद सांगू शकत नाही. पुढे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जुनी पत्रके नव्या विमानछायाचित्रांवरून सुधारली जाऊ लागली, तेव्हा नवी घरे आणि रस्ते जांभळ्या रंगात छापून, ही माहिती जागेवर जाऊन तपासलेली नाही, अशी टीपही समासात दिली जाई. आपल्याला जे माहीत नाही ते कागदावर कबूल करण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि प्रवासवर्णनातही तिची गरज आहे.

रिकामेपण पुष्कळदा नकाशाच्या प्रमाणातून येते, हेही येथे नोंदवायला हवे. या मुलखाचे पहिले सरकारी स्थलदर्शक नकाशे १८८०च्या दशकात १ : २,५०,००० प्रमाणावर झाले, आणि त्या प्रमाणावर एका घराला जागाच नसते. डोंगर, दऱ्या आणि चार-दोन पायवाटा तेवढ्या उरतात. माणसे तिथे होतीच, फक्त ती त्या कागदावर मावत नव्हती. आज मोबाइलवरचा नकाशा दूर केला की तोच परिणाम होतो. करड्या पार्श्वभूमीवर महामार्गाची एक रेघ उरते आणि पाहणाऱ्याची समजूत होते की या रेघेखेरीज इथे काहीच नाही. गंमत अशी की डेनेहोत्सोजवळून आज जाणारा हा महामार्ग, म्हणजे यूएस १६०, या जुन्या पत्रकावर नाही. तो डांबरी रस्ता १९६०च्या दशकाच्या आरंभी पुरा झाला आणि त्याला १६० हा क्रमांक १९७० साली मिळाला. घरे आधीची आहेत, रस्ता नंतरचा.

नावांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नकाशा वाचण्यातला सर्वांत मोठा आनंद मला त्यातच मिळाला. नावाहो भाषेत पाण्याला ‘तो’ म्हणतात. हा एक शब्द कळला की आसपासची गावे बोलू लागतात. शोन्तो म्हणजे उन्हाकडच्या बाजूचे पाणी. ओल्जातो म्हणजे चांदण्याचे पाणी. काइबितो म्हणजे वाळुंजाच्या झाडांतला झरा. केयेंटाचे मूळ नावाहो नाव ‘बोटांसारख्या फाट्यांनी पसरणारे पाणी’ अशा अर्थाचे आहे, आणि चिन्ली म्हणजे जिथून पाणी बाहेर पडते ती जागा, म्हणजे कॅनियन द शे या दरीचे मुख. खुद्द डेनेहोत्सो या नावात ‘तो’ नसला तरी कुरण आहे. हिरव्यापिवळ्या कुरणाचा पट्टा वर चढत जाऊन जिथे संपतो ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी प्रत्येक झरा चाखून पाहिला होता, तो कोणत्या ऋतूत आटतो हे त्यांना ठाऊक होते. नकाशावरचे स्पेलिंग मात्र ज्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे पडले, आणि उच्चारातले चढउतार तर गळूनच गेले, जे नावाहो भाषेत अर्थ बदलतात. हर्बर्ट ग्रेगरी या भूवैज्ञानिकाने या प्रदेशातल्या पाण्याची केलेली पाहणी सर्वेक्षण विभागाने १९१६ साली प्रसिद्ध केली. त्यातले पाणवठे पुन्हा पुन्हा तपासावेत असे आहेत, कारण कोरड्या मुलखाचा खरा नकाशा हा त्याच्या पाणवठ्यांचाच असतो.

आता रेषांविषयी. १८६४ साली अमेरिकी सैन्याने हजारो दिने लोकांना न्यू मेक्सिकोतील बोस्क रेडोंडो येथे शेकडो मैल चालवत नेले. दिने लोक त्याला ‘लाँग वॉक’ म्हणतात. चार वर्षांच्या हालअपेष्टांनंतर १ जून १८६८ रोजी फोर्ट सम्नर येथे तह झाला आणि त्यांना मायभूमीचा एक तुकडा परत मिळाला. त्या तुकड्याची उत्तर सीमा ३७ अंश उत्तर अक्षांश अशी ठरली आणि पश्चिम सीमा साधारण १०९ अंश ३० मिनिटे पश्चिम रेखांश अशी. डेनेहोत्सो या रेखांशाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे तहाच्या कागदावर या गावची जमीन दिने लोकांसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्राच्या बाहेर होती. पुढे १८७८ आणि १८८४च्या अध्यक्षीय आदेशांनी हद्द पश्चिमेकडे सरकत गेली. पण मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांना रेखांश दिसत नव्हता. काही तर लाँग वॉकच्या वेळीही सैन्याच्या हाती लागली नव्हती. होश्किनिनी या नायकाच्या पाठोपाठ ती नावाहो माउंटनकडच्या कपारींत जाऊन राहिली होती. ज्या भूमीला नंतर कोणी रिकामी म्हटले, त्या भूमीच्या अवघडपणानेच त्यांना तारले.

१९३३ पासून संघ सरकारने जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली नावाहोंच्या मेंढ्या-बकऱ्यांची संख्या सक्तीने कमी केली. त्यामागे कोलोरॅडो नदीवरच्या मोठ्या धरणात गाळ भरेल ही भीतीही होती. कुरणांचे विभाग पाडले गेले, प्रत्येक विभाग किती जनावरे पोसू शकतो याचे आकडे ठरवले गेले आणि अनेक ठिकाणी मालकांच्या डोळ्यांदेखत जनावरे मारली गेली. जुन्या पत्रकावरचा एकेक मेंढवाडा पाहताना हा इतिहास विसरता येत नाही. मोजणी करणारा माणूस दारात आला की त्या पिढीच्या छातीत धडकी भरत असेल, असे मला वाटते.

डेनेहोत्सोच्या उत्तरेला केन व्हॅली आहे. तिथे युरेनियमची खाण होती. १९४४ ते १९८६ या काळात नावाहो भूमीतून जवळजवळ ३ कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले आणि सोडून दिलेल्या खाणींची संख्या ५००हून अधिक आहे. खाणींत दिने पुरुष पुरेशा हवेविना काम करत होते. किरणोत्सर्गाच्या धोक्याची त्यांना कल्पना दिली गेली नव्हती, आणि काही घरांच्या बांधकामात तर खाणीतला दगडही वापरला गेला. २००५ साली नावाहो राष्ट्राने आपल्या भूमीत युरेनियम खोदण्यास बंदी घातली. स्थलदर्शक पत्रकावर खाणीसाठी एकमेकांवर ठेवलेल्या दोन कुदळींचे चिन्ह असते आणि चाचणीखड्ड्यासाठी साधी फुली. हे चिन्ह होगनपासून आणि झऱ्यापासून किती अंतरावर आहे, हे फूटपट्टी लावून पाहावे. जिथे माणसे राहत नाहीत तिथेच खाणी काढल्या, असे समर्थन कोणी करू लागला तर त्याच्यासमोर सरकारचाच हा कागद ठेवता येतो. ‘निर्मनुष्य’ हा शब्द मला एवढा का खुपला, त्याचे कारण हे आहे. जी भूमी रिकामी ठरते तिचे पुढे काहीही करता येते.

पाण्याचेही तसेच. या पत्रकांवर पवनचक्की, टाकी आणि झरा हे शब्द वारंवार येतात. पवनचक्क्या मुख्यतः जनावरांच्या पाण्यासाठी उभारल्या गेल्या, पण माणसांनीही तिथूनच पाणी भरले. नावाहो राष्ट्रातल्या जवळपास ३० टक्के घरांत आजही नळाचे पाणी नाही. पिंप गाडीत टाकून मैलोन्‌मैल पाणी आणणे हा तिथल्या अनेक कुटुंबांचा ठरलेला क्रम आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, १८६८च्या तहानुसार नावाहो राष्ट्राला पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन संघ सरकारवर नाही. ज्यांच्या गावांची नावेच पाण्यावरून पडली आहेत त्यांच्याबाबत हा निर्णय झाला.

लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रस्त्यावरून दिसते ते त्यांनी लिहिले. पण पवनचक्कीकडे जाणारी कच्ची वाट, तिच्या टोकाशी असलेले पूर्वाभिमुख दार, त्यामागचा मेंढवाडा हे रस्त्यावरून दिसत नाही, आणि म्हणूनच अशा प्रदेशाविषयी लिहिण्यापूर्वी त्याचे एक मोठ्या प्रमाणाचे पत्रक समोर पसरावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जुने स्थलदर्शक नकाशे आजकाल चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. ते सुंदर असतातच, पण त्यावरचे बारीक शब्द वाचल्याशिवाय ते नुसते टांगून ठेवणे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. ॲरिझोनातील मूळ रहिवाशांना मतदानाचा हक्क १९४८ साली न्यायालयाच्या निकालाने मिळाला, म्हणजे या पत्रकावर ज्यांची घरे खुणांच्या रूपात आहेत ती माणसे नकाशा छापला गेला तेव्हा नुकतीच मतदार झाली होती, आणि त्यांतही साक्षरतेच्या चाचणीची अट पुढे १९७० पर्यंत अनेकांच्या आड येत राहिली. आजही तिथल्या पुष्कळ घरांना रस्त्याचे नाव किंवा घरक्रमांक नाही. त्यासाठी राज्याच्या मतदार नोंदणी अर्जावर एक चौकट राखलेली आहे. ज्याच्या घराला पत्ता नाही त्याने त्या चौकटीत आपल्या घराचा नकाशा हाताने काढून द्यायचा असतो, जवळची खूण आणि मैलांतले अंतर लिहून. ओढा कुठे, पवनचक्की कुठे, डांबरी रस्ता सोडून कोणत्या वाटेने वळायचे, हे घरातले माणूस आपल्या हाताने काढते, आणि सर्वेक्षकाला एका भेटीत न कळलेले बरेच काही त्या दोन इंचांत येते.

माझी विनंती छोटी आहे. सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर स्वामित्वहक्क नाही, ते कोणीही विनामूल्य छापू शकते. येत्या रविवारी पुरवणीत थोडी जागा काढून डेनेहोत्सोच्या जुन्या पत्रकाचा लगूना क्रीकलगतचा एक तुकडा आपण छापावा, आणि तो एवढ्या मोठ्या आकारात छापावा की ओढ्याच्या निळ्या रेघेतले तीन ठिपके आणि काळ्या खुणेशेजारचा ‘होगन’ हा शब्द वाचकांना चष्म्याशिवाय वाचता येईल.

आपली नम्र,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका